वादळाआधीचा सांगावा

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले की कशेळीचा खाडीपूल येण्याआधी बाळकुम लागते. एकेकाळचे हे खाडीकाठचे गाव टोलेजंग इमारतींनी वेढले गेले आहे. जून 2020 मध्ये इथल्या ‘ग्लोबल इम्पॅक्ट हब’च्या इमारतीत 1024 खाटांचे कोविड रुग्णालय उभे राहिले आणि ठाणेकरांच्या बोलण्यात ‘ग्लोबल’ हा शब्द रुग्णालयाचे नाव म्हणून रुळला. त्याच महिन्यात, 16 जूनला, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जाहीर केले की डेक्सामेथासोन नावाचे साधे, स्वस्त स्टेरॉइड गंभीर कोविडमधले मृत्यू कमी करते. या काळात ठाणे-कल्याणच्या घराघरांत एक नवे स्पष्टीकरण पोहोचले होते: विषाणू माणसाला मारत नाही, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती पिसाळते, ‘सायटोकाइन स्टॉर्म’ येते आणि त्या वादळात फुप्फुसे निकामी होतात. हे स्पष्टीकरण खोटे नव्हते. पण ते अर्धे होते, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग प्रतिकारशास्त्राच्या इतिहासात त्याआधीच चाळीसेक वर्षे लिहिला जात होता. सायटोकाइन नावाच्या ज्या संदेशांना आपण कोविडच्या त्या दोन वर्षांत शत्रू ठरवले, त्यांच्यातल्याच काहींच्या सांगण्यावरून शरीरातल्या नैसर्गिक मारक पेशी लढाईला तयार होतात. गंभीर कोविडची गोष्ट संदेश फार झाल्याची जितकी आहे, तितकीच किंवा त्याहून जास्त ती योग्य संदेश वेळेवर न पोहोचल्याची आहे, असे माझे मत आहे. आणि पुढचे सारे विवेचन त्याच्या समर्थनार्थ आहे.

वादळाची कल्पना आली कुठून, हे आधी पाहायला हवे. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेली प्रथिने. त्यांतले इंटरल्यूकिन-6 जपानमध्ये ओसाका येथे तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने 1986 मध्ये ओळखले. त्याचा मार्ग रोखणारे टोसिलिझुमॅब हे औषध पुढे संधिवातासाठी वापरात आले. 2012 मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका लहान मुलीला कार-टी पेशी (कर्करोग ओळखता यावा म्हणून जनुकीय बदल केलेल्या टी पेशी) दिल्यावर ती मरणाच्या दारात गेली. तिच्या रक्तात इंटरल्यूकिन-6 प्रचंड वाढलेले दिसले, आणि टोसिलिझुमॅब देताच ती सावरली. 2017 मध्ये अमेरिकेत कार-टी उपचाराला मान्यता मिळाली, तेव्हा त्यामुळे उसळणाऱ्या सायटोकाइनसाठी हे औषधही मंजूर झाले. 2020 च्या सुरुवातीला चीनमधून गंभीर रुग्णांच्या रक्तात इंटरल्यूकिन-6 वाढल्याच्या बातम्या आल्या आणि डॉक्टरांनी साहजिकच हा धागा जोडला. मग मुंबई-ठाण्यात ‘टोसी’ची धावाधाव सुरू झाली. 400 मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत 40,000 रुपयांच्या घरात होती. काळ्या बाजारात ती कितीतरी पटींनी विकली जाई, आणि नातेवाईक आयएल-6 चा, म्हणजे इंटरल्यूकिन-6 चा, रिपोर्ट मोबाइलवर घेऊन एका औषधाच्या दुकानातून दुसऱ्यात फिरत. त्या हताश धावपळीला कोणीही दोष देऊ नये. माणूस समोर गुदमरत असताना हाती आलेल्या एकमेव स्पष्टीकरणाला घट्ट धरणे स्वाभाविकच होते.

पण त्या रिपोर्टवरच्या आकड्याकडे पुन्हा पाहायला हवे. 2020 च्या अखेरीस ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र पाहणी प्रसिद्ध झाली. गंभीर कोविडमध्ये इंटरल्यूकिन-6 चे सरासरी प्रमाण मिलिलिटरला 36.7 पिकोग्रॅम आढळले. कोविडपूर्व काळातल्या, इतर कारणांनी फुप्फुसे निकामी झालेल्या रुग्णांत ते 460 होते, जंतुसंसर्गाने आलेल्या सेप्सिसमध्ये 983.6, आणि कार-टी नंतरच्या सायटोकाइनच्या उसळीत 3110.5. ज्या अवस्थेवरून वादळाचे नाव उसने घेतले, तिच्या तुलनेत कोविडमधला आकडा शंभराव्या भागाच्या आसपास होता. कोविडमध्ये दाह नव्हता असा याचा अर्थ मुळीच नाही. दाह होता, फुप्फुसांत साचलेले पाणी होते, रक्ताच्या गुठळ्या होत्या. पण ‘सायटोकाइन फार झाली, ती दाबा’ एवढ्या एका वाक्यात त्या आजाराचा उलगडा होत नव्हता, आणि तो का होत नव्हता हे समजण्यासाठी मागे जावे लागते.

1957 मध्ये लंडनच्या मिल हिल येथे अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमान यांनी इंटरफेरॉन शोधले. विषाणूची लागण झालेली पेशी ते बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशी विषाणूला दाद देईनाशा होतात. 1975 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉल्फ किसलिंग आणि सहकाऱ्यांना, तसेच अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांच्या गटाला, अशा पांढऱ्या पेशी सापडल्या ज्या आधी ओळख करून न देताही कर्करोगाच्या पेशी मारत होत्या. टी पेशींना शत्रूची ओळख पटायला आणि संख्या वाढवायला दिवस लागतात. यांना तसे काही लागत नाही, असे दिसले. म्हणून त्या ‘नैसर्गिक’ मारक ठरल्या. या विशेषणामुळे एक समज पक्का झाला, की या पेशी चोवीस तास शस्त्रे परजून सज्ज असतात. तो समज फार टिकला नाही. 1978 मध्येच ‘नेचर’मध्ये प्रयोग छापून आला: उंदरांना इंटरफेरॉन टोचले की त्यांच्या मारक पेशींची मारण्याची ताकद वाढते. म्हणजे 1957 चा संदेश आणि 1975 ची पेशी यांचा संबंध तीन वर्षांतच लागला. ‘नैसर्गिक’ म्हणजे ओळख शिकावी न लागणारी, एवढेच खरे होते. तयारी मात्र तिलाही लागत होती.

ही तयारी नेमकी काय असते, हे उलगडायला पुढची तीस वर्षे गेली, आणि मला हा सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. मारक पेशी दोन प्रथिनांनी मारते: परफोरिन समोरच्या पेशीला भोक पाडते आणि त्यातून शिरलेले ग्रँझाइम तिला आतून संपवते. 2007 मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे टॉड फेनिगर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की उंदराच्या निवांत मारक पेशीत या प्रथिनांचे एमआरएनए भरपूर असते, पण प्रथिने फार थोडी असतात. कणीक मळून ठेवली आहे, पोळ्या लाटायच्या आहेत, तशी ही स्थिती. सायटोकाइनचा संदेश आला की त्या साठवलेल्या एमआरएनएवरून भराभर प्रथिने तयार होतात, म्हणून पेशी काही तासांत सज्ज होते. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने हा संदेश कोण देते तेही दाखवले. विषाणूची चाहूल लागलेली डेंड्रायटिक पेशी इंटरल्यूकिन-15 नुसते सोडून देत नाही. ते स्वतःच्या पृष्ठभागावर धरून लसिका ग्रंथीत मारक पेशीच्या पुढ्यात मांडते. डेंड्रायटिक पेशी काढून टाकल्या तर मारक पेशी जागच्या जागी राहतात, पण कामाच्या उरत नाहीत. इंटरल्यूकिन-15 तयारी करते आणि पेशीला जगवते. इंटरल्यूकिन-12 आणि 18 मिळून तिला गॅमा इंटरफेरॉन सोडायला लावतात, आणि त्यातून इतर पेशींना पुढचा निरोप जातो. पहिल्या प्रकारचे, म्हणजे 1957 मध्ये सापडलेले, इंटरफेरॉन तिची मारण्याची क्षमता वाढवते. प्रत्येक संदेशाचा पेशीच्या आतला मार्ग वेगळा. इंटरफेरॉन मुख्यतः स्टॅट-1 आणि स्टॅट-2 या प्रथिनांना जागे करते, इंटरल्यूकिन-12 स्टॅट-4 ला, इंटरल्यूकिन-15 स्टॅट-5 ला. इंटरल्यूकिन-6 मात्र प्रामुख्याने स्टॅट-3 ला हाक देते. हा तपशील कंटाळवाणा वाटला तरी लक्षात ठेवावा, कारण सगळ्या सायटोकाइनना एका मोळीत बांधून ‘वादळ’ म्हणण्यात नेमका हाच फरक पुसला गेला.

फरक केवळ कोणता संदेश एवढ्याचाच नाही. तो किती आणि केव्हा याचाही आहे. अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी डिसेंबर 1985 मध्ये 25 कर्करुग्णांचा अहवाल दिला. रुग्णांच्याच पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-2 मध्ये वाढवून, पुन्हा इंटरल्यूकिन-2 सोबत त्यांना दिल्या. 11 जणांच्या गाठी लहान झाल्या. पण मोठ्या मात्रेत रक्तवाहिन्या पाझरू लागत, रक्तदाब कोसळे आणि रुग्ण अतिदक्षता विभागात जात. त्याहून बोलकी घटना इंटरल्यूकिन-12 ची. फिलाडेल्फियाच्या जॉर्जिओ ट्रिंकिएरी यांच्या गटाने 1989 मध्ये वर्णिलेला हा घटक आधी मारक पेशींना उत्तेजित करणारा घटक म्हणूनच ओळखला गेला. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत रोजची इंजेक्शने सुरू करण्याच्या दोन आठवडे आधी एक एकटी मात्रा दिली होती, केवळ तपासणीसाठी. 1995 च्या पुढच्या चाचणीत ही आधीची मात्रा अनावश्यक समजून गाळली. 17 रुग्णांपैकी 12 जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि दोघे दगावले. औषध तेच होते. कारण शोधताना कळले की दोन आठवडे आधीची ती एक मात्रा शरीराची पुढची प्रतिक्रियाच बदलून टाकत होती. वेळापत्रकातला एक दिवस गाळला आणि औषधाचे विष झाले. 2020 मध्ये सायटोकाइनवर बोलताना हा प्रसंग सर्वांच्या डोळ्यांसमोर असायला हवा होता असे मला वाटते. उलट उदाहरणही आहे. 2009 मध्ये सेंट लुईसच्याच संशोधकांनी मारक पेशींना एक रात्र इंटरल्यूकिन-12, 15 आणि 18 मध्ये ठेवले. नंतर आठवडे लोटले तरी त्या पेशी पुन्हा डिवचल्यावर अधिक जोमाने उत्तर देत होत्या. 2016 मध्ये अशा पेशी रक्ताच्या तीव्र कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिल्या, तेव्हा मूल्यमापन झालेल्या नऊ जणांपैकी चौघांत रोगाची चिन्हे पूर्ण मावळली. एका रात्रीचा योग्य संदेश पेशी इतके दिवस जपते.

आता पुन्हा 2020 कडे येऊ. त्या वर्षी पॅरिसच्या संशोधकांनी 50 रुग्ण तपासले आणि ‘सायन्स’मध्ये लिहिले की गंभीर रुग्णांत पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनचा प्रतिसाद फार दुबळा होता, दाहाचे संदेश उंच, आणि पहिला इशारा खाली. त्याच वर्षी आणखी एक धक्कादायक निष्कर्ष आला. जिवावर बेतलेल्या 987 रुग्णांपैकी 101 जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. लक्षणे नसलेल्या किंवा सौम्य आजाराच्या 663 जणांत एकाकडेही नव्हती. या माणसांचा सांगावा वाटेतच अडवला जात होता. चीनमधून मार्च 2020 मध्येच वृत्त होते की गंभीर रुग्णांच्या मारक पेशी संख्येने घटल्या आहेत आणि त्यांच्यावर आवर घालणारा एनकेजी2ए हा खुणेचा रेणू वाढला आहे. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या गटाने दाखवले की मारक पेशींची मारण्याची क्षमता इंटरल्यूकिन-6 वाढेल तशी उतरते, आणि टोसिलिझुमॅब दिल्यावर ती पुन्हा वर येते. 2021 मध्ये बर्लिनहून आणखी एक दुवा मिळाला: गंभीर रुग्णांत टीजीएफ-बीटा हे आवर घालणारे सायटोकाइन आजाराच्या पहिल्या दोन आठवड्यांतच, म्हणजे भलत्या वेळी वाढते, आणि विषाणूला रोखू शकणाऱ्या मारक पेशी पंगू होतात. हे सारे एकत्र ठेवले की चित्र बदलते. पहिला निरोप उशिरा किंवा दुबळा, मारक पेशी अर्धवट तयार, विषाणू पसरलेला, आणि मग दाहाचे जे संदेश आले त्यांनी त्याच पेशींना आणखी खच्ची केले. ‘वादळ’ म्हणून जे दिसले ते बऱ्याच अंशी या चुकलेल्या क्रमाचा परिणाम होता.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: प्रतिकार दाबणाऱ्या औषधांनी माणसे वाचली, मग वादळाची कल्पना बरोबरच नव्हती का? माणसे वाचली यात शंका नाही. पण कोणती माणसे, ते पाहावे. ऑक्सफर्डच्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू डेक्सामेथासोनने 41.4 टक्क्यांवरून 29.3 वर आणले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत 26.2 वरून 23.3 वर. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात मात्र औषध न घेणाऱ्यांतले मृत्यू 14 टक्के आणि घेणाऱ्यांतले 17.8 टक्के होते. हा शेवटचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक नव्हता, तरी फायद्याची कसलीच खूण त्यात नव्हती. टोसिलिझुमॅबचेही तसेच. भारतातल्या 12 रुग्णालयांत 180 जणांवर झालेल्या चाचणीत मध्यम ते गंभीर आजार सरसकट पुढे जाणे त्याने थांबले नाही. ऑक्सफर्डच्या 4116 जणांच्या चाचणीत, ऑक्सिजन कमी आणि दाह स्पष्टपणे वाढलेला अशा निवडक रुग्णांत, मृत्यू 35 टक्क्यांवरून 31 वर आले. म्हणजे दाबणे उपयोगी ठरले ते उशिराच्या अवस्थेत, मोजक्यांसाठी. आपल्याकडे मात्र दुसऱ्या लाटेत ताप आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झालेल्या अनेकांनी पाहिल्या. ज्या दिवसांत मारक पेशींना तयारीचा निरोप मिळायचा, नेमक्या त्याच दिवसांत तो गळा दाबून बंद केला गेला. मे 2021 मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने महाराष्ट्राला जे दाखवले त्यामागे अनियंत्रित मधुमेह होता, आणि त्याच्या जोडीला स्टेरॉइडचा सढळ वापरही होता.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांकडून येतो आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. रक्तातल्या मारक पेशी घटल्या म्हणजे त्या संपल्या असे नाही. त्या फुप्फुसात गेलेल्या असू शकतात. कॅरोलिन्स्काच्याच 2020 च्या अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मारक पेशी परफोरिन आणि ग्रँझाइमने चांगल्या सज्ज दिसल्या. मग त्या अपुऱ्या तयारीच्या कशा? आणि सज्ज असतील तर नुकसान त्यांनीच केले नसेल कशावरून? या आक्षेपाचा काही भाग मान्य करावाच लागतो. शस्त्र हाती असणे आणि ते विषाणूग्रस्त पेशीवर नीट चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 2021 मधल्या अभ्यासांनी हेच दाखवले की गंभीर रुग्णांत मारक पेशी चेतवलेल्या दिसूनही प्रत्यक्ष कामात मागे पडत होत्या. त्यांच्यात इंटरफेरॉनच्या प्रतिसादाच्या खुणाही लांबलेल्या आढळल्या. म्हणजे निरोप काहींना आलाच नाही आणि काहींना आला तो थांबेचना. हे माझ्या मताला छेद देत नाही, उलट वेळेचा मुद्दा ठळक करते. मात्र एवढ्यावरून मृत्यूंचा सगळा हिशेब मारक पेशींच्या खात्यावर मांडणे चुकीचे ठरेल. टी पेशी, प्रतिपिंडे, वय, मधुमेह, हवेशीर नसलेली दाटीची घरे, ऑक्सिजनचा तुटवडा, हे सारे त्यात आहे.

तिसरा आक्षेप सरळ आहे: इंटरफेरॉनच कमी होते तर ते बाहेरून का नाही दिले? दिले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत रुग्णालयात दाखल रुग्णांना बीटा इंटरफेरॉन देऊन पाहिले, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये कळले की मृत्यू कमी झाले नाहीत. भारतात झायडस कॅडिलाच्या अल्फा इंटरफेरॉनला 23 एप्रिल 2021 रोजी आपत्कालीन परवानगी मिळाली, ती मध्यम आजाराच्या प्रौढ रुग्णांसाठी. पण तोवर दुसरी लाट शिखराकडे निघाली होती आणि सगळ्यांचे डोळे ऑक्सिजनच्या टँकरकडे लागले होते. खरे उत्तर 2023 च्या फेब्रुवारीत आले. मुख्यतः ब्राझीलमध्ये झालेल्या चाचणीत लक्षणे दिसल्यापासून सात दिवसांच्या आत लॅम्डा इंटरफेरॉनचे एकच इंजेक्शन दिले. रुग्णालयात दाखल होण्याची किंवा आपत्कालीन विभागात थांबून राहण्याची वेळ औषध घेतलेल्या 931 जणांपैकी 2.7 टक्क्यांवर आली. न घेतलेल्या 1018 जणांत हे प्रमाण 5.6 टक्के होते. यातले किती श्रेय मारक पेशींचे आणि किती श्वासमार्गाच्या अस्तरपेशींचे हे त्या चाचणीने मोजले नाही, म्हणून तसा दावा मी करत नाही. पण एकाच कुळातला संदेश रुग्णालयाच्या खाटेवर निरुपयोगी ठरतो आणि पहिल्या आठवड्यात दिल्यास रुग्णालयाची पायरी चढण्याची वेळ निम्म्यावर आणतो, ही गोष्ट वेळेच्या बाजूने जेवढे बोलते तेवढे दुसरे काहीच बोलत नाही.

हे ज्ञान आपल्यापासून दूर नव्हते. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सुधा गांगल यांनी कर्करुग्णांच्या प्रतिकारपेशींचा अभ्यास कित्येक वर्षे केला. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात शुभदा चिपळूणकर यांनी गॅमा-डेल्टा टी पेशींवर काम उभे केले, ज्या मारक पेशींप्रमाणेच पूर्वओळखीची वाट न पाहता उत्तर देतात. ऑक्टोबर 2023 मध्ये पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरिअल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार19 या देशी कार-टी उपचाराला मान्यता मिळाली, आणि तिथे सायटोकाइनची खरी उसळी आली तर टोसिलिझुमॅब आजही आपली योग्य जागा सांभाळते. बाळकुमपासून ही ठिकाणे गाडीने तास-दीड तासावर आहेत. प्रयोगशाळेत जे माहीत होते ते तापाच्या रुग्णाला पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरपर्यंत कसे पोहोचावे, याची वाट मात्र आपण आखली नव्हती. आपली सारी ताकद खाटांवर लागली, आणि त्या आवश्यक होत्याच; 1024 खाटा नसत्या तर ठाण्यात काय झाले असते याचा विचारही नको. पण बाळकुमच्या त्या इमारतीत अनेक रुग्ण पोहोचत ते आजाराचा पहिला आठवडा घरी काढून. पुढच्या साथीसाठी तयारी करायची तर रक्ताच्या रिपोर्टवर आयएल-6 च्या आकड्याशेजारी आजाराचा कितवा दिवस हे लिहिले जायला हवे, इंटरफेरॉनविरोधी प्रतिपिंडांची तपासणी साठीपुढच्या माणसांसाठी सहज उपलब्ध हवी, आणि लवकर द्यायची औषधे अतिदक्षता विभागाच्या कपाटात न ठेवता बाळकुम, कळवा, डोंबिवलीच्या तापाच्या ओपीडीत असायला हवीत.